खोकल्याचं ओझं

शुद्धीवर आलो तेव्हा आधी तहान लागली, दुखणं नंतर आलं. हा क्रम मला नक्की आठवतो. तहान लागली म्हणून पाणी मागायला मान उचलली आणि मान उचलली म्हणून पोट दुखलं. मान उचलायला पोट लागतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पुढे कळलं की बोलायला, हसायला, कूस बदलायला, पायाचा अंगठा हलवायलासुद्धा पोटच लागतं.

"पानी नाही भेटत," बायको म्हणाली. ती खाटेशेजारी खाली बसली होती, मला तिचा नुसता पदर दिसत होता. "डाक्टरनं मना केली हाये. ओठ ओले करून देतो."

तिनं कापसाचा ओला बोळा ओठांवरून फिरवला. कापूस चांगला होता, लांब धाग्याचा. अशा वेळी माणसाला कापसाचं काय पडलेलं असतं, असं कोणी म्हणेल. पण मी तालुक्याच्या बाजारात मापारी होतो. कापूस, तूर, ज्वारी, सरकी, जे येईल ते काट्याला लावून वजन सांगायचं हे माझं काम. डोळे उघडले की माणूस आधी आपलं ओळखीचं पाहतो.

त्या सुमारास राज्य नवं होतं आणि बाजारात मण-शेर जाऊन क्विंटल-किलो नुकतेच आले होते. शेतकऱ्यांचा किलोवर विश्वास बसत नव्हता. मी दोन्ही हिशेब तोंडी सांगायचो, आधी मणात, मग किलोत, आणि दोन्ही एकमेकांना जुळायचे. इतक्या वर्षांत माझ्या काट्यावरचा माल दुसऱ्या काट्यावर नेऊन पुन्हा तोला, असं मला कोणी म्हटलं नाही. हे मी अभिमानानं सांगतो आणि यात माप वाढवून सांगत नाही.

आतड्याला पीळ पडला होता. उंद्री गावातल्या आमच्या घरी पोट नगाऱ्यासारखं फुगलं, ओकाऱ्या थांबेनात, तेव्हा सरकीच्या ट्रकमध्ये पोत्यांवर आडवं घालून मला बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा आठवतो. नंतर तोंडावर गुंगीचं औषध धरलं, तिथून पुढचं आठवत नाही. पोट बेंबीच्या वरपासून खालपर्यंत उभं उघडून पीळ सोडवला आणि परत शिवलं, हे मला बायकोनं सांगितलं. नाकातून एक नळी पोटात गेली होती. ती घशात सारखी टोचत होती.

दुखणं कसं होतं ते जेवढ्यास तेवढं सांगतो. पोटात सुरी खुपसल्यासारखं दुखतं असं लोक म्हणतात. माझ्या पोटात सुरी खरोखरच येऊन गेली होती, आणि ते तसं नव्हतं. निपचित पडलो की एक जड, गरम ओझं पोटावर ठेवल्यासारखं वाटायचं. ते सोसण्यासारखं होतं. पण जरा हललो, श्वास जरा खोल गेला, की टाक्यांच्या रेघेतून वरपासून खालपर्यंत आग धावायची आणि डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं. म्हणजे दुखण्याची दोन मापं होती, एक पडून राहण्याचं आणि एक हलण्याचं. दुसरं पहिल्याच्या कैक पट होतं.

मग मी जे केलं ते माझ्या धंद्यातलं होतं.

काट्याला पोतं लागलं की दांडी वरखाली होते. ती ठरेपर्यंत मापारी तिच्याकडे पाहत उभा राहतो. त्या वेळी कोणी बोलत नाही, पोत्याला कोणी हात लावत नाही, आणि मापारी तर श्वासही घेत नाही. श्वास घेतला म्हणून दांडी हलते असं नाही, पण ती सवय आहे. माझ्या वडिलांना होती, मला लागली. दम छातीत धरायचा, डोळा काट्यावर ठेवायचा. दांडी ठरली की वजन पुकारायचं आणि मगच श्वास सोडायचा.

खाटेवर मी तेच केलं. छातीच्या वरच्या वर, पाखरासारखा, जेमतेम श्वास घ्यायचा आणि पोट हलू द्यायचं नाही. दांडी ठरावी तसं दुखणं ठरलं. मला वाटलं, जमलं.

वॉर्डात आम्ही आठ-दहा पुरुष होतो. माझ्या शेजारच्या खाटेवर जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागातले, सोनाळ्याचे एक म्हातारे होते, हर्नियाचं ऑपरेशन झालेले. ते रात्रंदिवस कण्हायचे आणि मधल्या वेळात बोलायचे.

"घाटावरचा गडी दमदार हाये बाप्पा," ते माझ्याकडे बोट करून सगळ्यांना म्हणाले. "एवढं पोट फाडलं, हूं का चूं नाही. नाहीतं मी! आमी घाटाखालचे लोक, आमचं सारं बोंबलून."

"मापारी हायेत थे," बायकोनं सांगितलं. तिच्या आवाजात तेव्हा मला अभिमानच ऐकू आला.

भेटायला आलेले लोकही तेच म्हणून गेले. ते ऐकून मला बरं वाटलं. पोटावर एवढी चीर आणि तोंडातून आवाज नाही, ही गोष्ट बाजारात पोचेल हे मला माहीत होतं.

सिस्टरला मात्र ते पसंत नव्हतं. ती नाशिककडची होती, उंच, बोलायला सरळ. "खोकून दाखवा," ती म्हणाली.

मी खोकलो.

"हा घशातला झाला. छातीतून काढा."

तिनं रीत समजावून सांगितली. गुडघे वर घ्यायचे, दोन्ही तळवे टाक्यांवर दाबून धरायचे, श्वास खोल पोटापर्यंत घ्यायचा आणि जोरानं खोकायचं. गुंगीचं औषध दिलं की छातीत कफ साचतो, तो बाहेर आलाच पाहिजे. मी प्रयत्न केला. श्वास अर्ध्यावर गेला, आग धावली आणि मी सोडून दिलं.

"टाके तुटतील," मी म्हणालो.

"नाही तुटत. मी सांगते ना."

तिचं म्हणणं मला पटलं नाही. गच्च भरलेलं, नुकतंच शिवलेलं पोतं कोणी मुद्दाम आपटतं का? ती दर फेरीला सांगायची, मी दर फेरीला घशातलं खोकायचो. ती मान हलवून जायची. पुढच्या फेरीला परत यायची, तेवढ्याच सरळपणे परत सांगायची. आज मला त्या बाईच्या चिकाटीचं फार कौतुक वाटतं.

मग ताप चढला. श्वास घेतला की छातीत आवाज येऊ लागला, सुपातून ज्वारी सरकावी तसा. डॉक्टर आले, त्यांनी मला कुशीवर वळवलं, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मग बायकोला जवळ बोलावून आम्हा दोघांना सांगितलं. त्यांचं बोलणं मला शब्दाला शब्द आठवतं, कारण त्यात एक शब्द जास्त नव्हता.

"आतड्याचं काम नीट झालंय. पण दोन्हीकडे खाली कफ साचतोय. औषध मी देतोय. तो बाहेर काढणं मात्र यांनाच करावं लागेल. नाही काढला तर निमोनिया होईल, आणि या अंगानं तो पेलणं कठीण आहे. आज खोकायला लागा."

डॉक्टर गेले. घरी आमची तीन लेकरं माझ्या आईजवळ होती, धाकटं अजून रांगत होतं. बायको खाटेच्या कडेला बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तुमी काट्यापाशी उभे राह्यल्यासारखे पडले हा."

"म्हंजे?"

"दम कोंडून. मी कवाची पाहून राह्यली. मले वाटलं, सोसून राह्यले. तुमी तं तोलून राह्यले."

"हाललं की दुखते."

"दुखनच! पोट फाडलं हाये. तुमाले काय वाटलं, सत्कारासाठी झोपवलं?"

शेजारचे म्हातारे खुसखुसले आणि लगेच स्वतःच्या टाक्यांवर हात ठेवून कळवळले.

इथे बायकोबद्दल सांगायला हवं. तिचे वडील आमच्याच बाजारात हमाल होते, आणि साधे नव्हे, टोळीचे हाक देणारे. मोठं पोतं किंवा कापसाची गाठ उचलायची असली की हमाल मुकाट्यानं उचलत नाहीत. एकजण हाक देतो, "घ्या रे भौ!" आणि बाकीचे "होऽऽ" करून उचलतात. त्या "हो"मध्ये सगळ्यांचा दम एकदम बाहेर पडतो आणि त्याच क्षणी ओझं जमिनीवरून सुटतं. माझ्या सासऱ्यांचा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा. आम्ही मापारी मात्र ती हाक देत नाही. हमालांनी ओरडायचं आणि मापाऱ्यानं शांत राहायचं, अशी ती वाटणी होती. एकाच बाजारात, एकाच पोत्याच्या दोन बाजूंना उभी राहणारी ही दोन घरं. आमचं लग्न झालं तेव्हा माझ्याकडच्या लोकांनी ही वर-खालची पायरी मनात मोजलीच होती.

"माहा बाप म्हणे," ती म्हणाली, "दम कोंडून उचललं तं बेंबी सुटते. दम सोडून उचललं तं पोतं आपल्या पायानं वर येते."

"तुया बापानं मले आंधी सांगतलं असतं तं मी इथं राह्यलो नसतो," सोनाळ्याचे म्हातारे म्हणाले. ते विहिरीचा दगड एकट्यानं उचलायला गेले होते.

"पन हे पोतं नाही, खोकला हाये," मी म्हणालो.

"ओझंच हाये. छातीतून वर काढाचं हाये. मी हाक देतो, तुमी हो करा, हो संपला का खोका."

"इथं? एवढ्या लोकाईत?"

"लोक काय तुमचं पोतं घेऊन पयतीन?"

मी नाही म्हणालो. खरं कारण, मापाऱ्यानं हमालासारखं ओरडायची लाज, मी तिला सांगितलं नाही, पण तिला कळलं. ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. तिच्या चेहऱ्यावर भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि ती भीती माझ्या श्वासाचा आवाज ऐकून होती. मी एक श्वास घेऊन पाहिला. ज्वारी सरकली. पहिल्यापेक्षा जास्त होती. वजन कमी सांगायची मला सवय नाही, स्वतःचंही नाही.

"बोलाव सिस्टरले," मी म्हणालो.

बायकोला माझा दुपट्टा पोटाला आवळून बांधायचा होता, जसा हमाल कमरेला बांधतात. सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि तेवढं बदललं. "बांधायचा नाही. जाड घडी करा आणि वरून दाबा. आणि आधी मी इंजेक्शन देते, ते अंगात भिनू द्या, मग उठवू." हाकेबद्दल ती म्हणाली, "ओरडा हवं तेवढं. मला खोकला पाहिजे."

इंजेक्शनानं दुखणं गेलं नाही, पण त्याची धार बोथट झाली. दोघींनी मिळून मला बसतं केलं, पाठीशी उशा लावल्या, गुडघे वर घेतले. दुपट्ट्याची घडी टाक्यांवर ठेवली, तिच्यावर माझे हात, माझ्या हातांवर बायकोचे हात. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"घ्या रे भौ," ती हळूच म्हणाली.

"हो," मी म्हणालो. खोकला आला नाही.

"हे काय? पावशेराचं पोतं हाये काय?"

"तूच हळू म्हणली."

"बाई, मोठ्यानं घाल," म्हातारे ओरडले. "आमालेबी आयकू येऊ दे. अख्खा वारड बसला हाये इथं बिनकामाचा."

सगळे हसले. मला हसू आलं आणि हसण्यानं पोट पेटलं. "हसवू नोका," मी दात दाबून म्हणालो, तर ते आणखी हसले.

बायकोनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं. बायका ही हाक देत नाहीत. ती लहानपणी वडिलांची भाकर घेऊन बाजारात जायची, लिंबाच्या सावलीत बसून वाट पाहायची, तिथं ही हाक तिनं ऐकलेली. तिनं दम घेतला, मान जरा मागे नेली आणि परक्या पुरुषांनी भरलेल्या वॉर्डात, पदर डोक्यावर तसाच ठेवून, आपल्या बापाच्या आवाजात हाक दिली.

"घ्या रे भौऽऽ!"

"होऽऽऽ!" सगळा वॉर्ड म्हणाला. शेतकरी होते, गाडीवान होते, एक शिंपी होता, सगळ्यांनी कधी ना कधी काही ना काही उचललेलं होतं. हाक आली की ओ देणं त्यांच्या अंगातच होतं. मीही म्हणालो. माझा "हो" त्यांच्या "हो"त मिसळून गेला, छाती तळापर्यंत रिकामी झाली, मग ती आपोआप तळापर्यंत भरली, आणि खोकला आला.

दुखलं. आधीपेक्षा कमी दुखलं असं मी लिहिणार नाही. जास्तच दुखलं असेल. टाक्यांची सगळी रेघ एकदम पेटली, डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडातून असा आवाज निघाला जो मी स्वतःचा म्हणून ओळखला नसता. पण ते दुखणं आलं आणि गेलं. पडून राहिलेलं दुखणं पोटावरून उतरायचं नाव घेत नव्हतं. हे उचलायच्या वेळी आलं आणि उचलून झालं तसं उतरलं. दुपट्टा जागेवर होता, तिचे हात जागेवर होते, टाके जागेवर होते. तोंडात घट्ट कफ होता. सिस्टरनं पुढे केलेल्या भांड्यात मी तो थुंकलो.

"लाभ!" म्हातारे ओरडले.

आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, अशी मोजणी चालते. म्हातारे जन्मभर शेतकरी. मापाऱ्यापुढे उभं राहून त्यांनी हा शब्द वर्षानुवर्षं ऐकलेला. आता मापाऱ्याचंच मोजत होते.

"चला, पुढचं माप," सिस्टर म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

दोन झालं. तीनच्या वेळी माझा जोर कमी पडला तेव्हा बायकोनं स्वतःचा वाढवला, आणि तीनही झालं. मग मला आडवं केलं. मी घामानं भिजलो होतो. कोणी शाबास म्हटलं नाही, कारण हमालाला कोणी शाबास म्हणत नाही. पण जो तो आपापल्या खाटेवर असा पडला होता, जणू त्यानंही काहीतरी वर ठेवलं होतं.

पुढे तेच काम झालं. सिस्टर यायची, बसतं करायची, बायको हाक द्यायची. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वॉर्डातून लोक दारात येऊन उभे राहू लागले, त्यांना मागून "हो" करायला मिळायचं. एकदा बायको कपडे धुवायला गेली होती आणि सिस्टरनं मला उठवलं. हाक द्यायला कोणी नव्हतं. म्हातारे म्हणाले, "मी देऊ?" मी म्हटलं, "तुमचे टाके सांभाळा." आणि मी स्वतः हाक दिली. सासऱ्यांच्या आवाजाची सर तिला नव्हती. पण माणसाच्या घरात दोन पिढ्या दम धरून उभं राहण्यात गेल्या आणि शेवटी त्यानं तो मोकळा सोडला, ही मला लहान गोष्ट वाटत नाही. बायको ओले कपडे खांद्यावर घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती तशीच कपडे वाळत घालायला गेली, आणि ती खूश आहे हे मला तिच्या पाठमोऱ्या चालीवरूनसुद्धा कळलं.

ताप उतरू लागला. डॉक्टर पुन्हा आले, मला बसतं केलं, पाठीला नळी लावली, कान देऊन ऐकू लागले आणि म्हणाले, "जरा खोका."

आता मला दुसऱ्या रीतीनं खोकता येत नव्हतं. मी दुपट्ट्याची घडी दाबली आणि डॉक्टरांच्या कानात नळी असतानाच मोठ्यानं म्हणालो, "घ्या रे भौऽऽ!" वॉर्डानं "होऽऽऽ" केलं. डॉक्टर एक पाऊल मागे सरले. त्यांनी कानातली नळी काढली, सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर खिडकीबाहेर पाहत होती. त्यांनी नळी परत लावली, डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं, पुन्हा डावीकडे ऐकलं.

"मोकळी झालीय," ते म्हणाले. "दोन्हीकडे. मला एवढ्या लवकर वाटलं नव्हतं."

मी बायकोकडे पाहिलं. मापारी म्हणून माझं नाव बाजारात होतं. ते मी कमावलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता, आहे. पण त्या घडीला मला लोकांना सांगावंसं वाटत होतं ते एवढंच, की ही हाक देणाऱ्याची लेक, माझी बायको. मी सांगितलंही. डॉक्टरांना सांगितलं, "हिचा बाप बाजारात टोळीची हाक देत होता जी. ही हाक त्याची हाये."

बायकोनं पदर तोंडाला लावला. मग डॉक्टरांना विचारलं, "मंग आता खोकनं बंद करू द्याचं का?"

"छे. घरी जाईपर्यंत चालू ठेवायचं. रोज."

"आयकलं?" ती मला म्हणाली आणि दुपट्ट्याची घडी परत पोटावर ठेवली. समोरच्या खाटांवरच्या लोकांनी आधीच दम भरून घेतला होता.